तीन पायऱ्यांचं माप

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, की सिल्वासाभोवतीचे गडगे वर येतात. ते कुठे गेलेले नसतात. आषाढ-श्रावणात कर्टुल्याचे वेल, रानभोपळ्याची पानं, कमरेपेक्षा उंच गवत असं सगळं त्यांच्यावर चढून बसतं आणि शेताच्या कडेला नुसती हिरवी वरंडी उरते. मग भात कापून खळ्यावर जातं, उतारावरच्या गवताला विळे लागतात आणि एकेक काळा दगड उघडा पडत जातो. मला दर वर्षी वाटतं, यंदा आपण बघायला जायचं नाही. गुडघे ऐकत नाहीत, आणि बघायला उरलंय तरी किती. आणि दर वर्षी कार्तिक संपायच्या आत मी जवळच्या सुरंगी गावच्या बसमध्ये बसलेली असते.

गडगा म्हणजे काय, हे ज्यांना सांगावं लागतं त्यांची मला थोडी कीव येते, पण सांगते. चुना नाही, सिमेंट नाही, मातीचा गिलावासुद्धा नाही. नुसता दगडावर दगड ठेवून उभं केलेलं शेताचं कुंपण. माझं माहेर राजापूरकडचं. तिकडे गडगे जांभ्या दगडाचे, लालसर, आणि त्यांच्यावर शेवाळ. लहानपणी त्यांच्यावरून उड्या मारल्या, त्यांच्या फटीत चिंचोके लपवले, पण नीट पाहिले कधीच नाहीत. रोजच्या ताटातल्या मिठाकडे कोण बघतं? पाहायला लागले ते इथे, नवऱ्याच्या नोकरीपायी दमणगंगेच्या काठी येऊन पडल्यावर, जेव्हा आपलं असं काहीच दिसेना तेव्हा. इथले लोक त्याला गडगा म्हणत नाहीत, दगडी बांध म्हणतात. मी मात्र शेवटपर्यंत गडगाच म्हणत राहिले, आणि त्यांनीही ते चालवून घेतलं.

आमचे हे बांधकाम खात्यात आरेखक होते. कागदावर रेघा मारायच्या आणि त्या रेघांवर दुसऱ्यांनी रस्ते बांधायचे, असं मी त्यांच्या कामाचं वर्णन करी आणि ते रागावत. मी मराठी शाळेत शिकवायची. सिल्वासातच डोकमर्डीला दोन खोल्यांचं बिऱ्हाड. शाळेत पाणी भरायला रमती होती, सुरंगीची. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, उंच, हाडापेराने मोठी. दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन ती शाळेच्या पायऱ्या चढायची, आणि चढताना माझ्याशी गप्पा मारायची. मी एकदा तिला म्हटलं, की तुझं खाली लक्ष नसतं, पडशील. तर म्हणाली, खाली बघितलं की पडते. मला ते तेव्हा नुसतं गमतीचं वाटलं होतं.

ऐंशीच्या दशकातल्या मधल्या कुठल्याशा वर्षाचा तो हिवाळा. रमतीच्या घरी नवीन भाताचं जेवण होतं, म्हणून मी पहिल्यांदा सुरंगीला गेले. जेवण राहिलं बाजूला. बसमधून उतरून तिच्या घराकडे चालताना मी त्या गडग्यांपाशी अशी अडकले, की रमतीला मला हाताला धरून न्यावं लागलं. काळाभोर दगड, काही डोंगरातले, कोनदार, काही नदीतले, गुळगुळीत. मधल्या फटींत बोटाएवढ्या चिपा ठोकलेल्या. आणि एकही गडगा दुसऱ्यासारखा नव्हता. घरी येऊन मी जाहीर केलं, की मी यांची नोंद करणार. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "कोणी मागितलीय?"

कोणीच मागितली नव्हती. आपला हात जगन्नाथ म्हणून शंभर पानी वही घेतली, आणि मोजायला ह्यांच्याकडे टेप मागितली. त्यांच्या पिशवीत पोलादी टेप असायची, पिवळी, करकरीत. ती खात्याची, खासगी कामाला देता येणार नाही, असं मला घरच्या घरी नियम वाचून दाखवल्यासारखं सांगण्यात आलं. प्रामाणिक माणसाशी संसार करणं फार कटकटीचं असतं. मग मी वितीने मोजायला लागले. माझी वीत मोठी आहे, लहानपणी त्यावरून भावंडं चिडवायची. त्या वहीतली सगळी मापं माझ्या वितीत आणि बोटांत आहेत.

दर रविवारी सकाळच्या बसने जायचं आणि संध्याकाळच्या बसने यायचं. रमती बरोबर असे. उन्हाला तेव्हा धार नसते, कापलेल्या गवताचा वास सगळ्या शिवारावर असतो, आणि खळ्याखळ्यावर भात झोडल्याचा आवाज येतो. मी गडग्याच्या एका टोकाला बसून त्याचं चित्र काढी, मग उठून त्याला हात लावत दुसऱ्या टोकापर्यंत जाई. हात लावल्याशिवाय गडगा कळत नाही. डोळ्यांना तो ढीग दिसतो, हाताला त्यातली बुद्धी लागते. बायका भारे घेऊन जाता जाता थांबत, माझ्याकडे पाहत आणि आपसात काहीतरी बोलून हसत पुढे जात. एकीने रमतीला विचारलंही, की बेनचं काही हरवलंय का. इथे शिक्षिकेला सगळे बेन म्हणतात, गुजरात एका हाकेवर असल्याचा तो परिणाम.

काय काय होतं त्या गडग्यांत! एक मोहाच्या झाडापाशी येऊन वळसा घालून गेला होता, आणि बुंध्यात आणि दगडांत वीतभर जागा होती. झाडाला वाढायला. रमतीच्या शेजाऱ्याने सांगितलं, की त्याच्या आज्याने बांधला तेव्हा त्या फटीतून म्हातारा माणूस आडवा होऊन जाई, आता कोंबडी जाते. म्हणजे बांधणाऱ्याने आपल्या नातवाच्या काळचं झाड डोळ्यांपुढे आणलं होतं. दुसऱ्या एकात पूर्वेकडच्या अंगाला हातभर उंचीवर कोनाडा होता, आत विळा आणि तंबाखूची चंची. पूर्वेकडेच का, तर पाऊस पश्चिमेकडून येतो, तंबाखू भिजू नये. एकात तळाच्या थरात पाणी जायला तीन दारं ठेवलेली, आणि प्रत्येक दाराच्या तोंडाशी एक उतरता चपटा दगड, म्हणजे पाणी जाताना माती ओढून नेत नाही. आणि एक गडगा असा होता, की त्याचे निम्मे दगड डावीकडे कललेले आणि निम्मे उजवीकडे. मी वहीत लिहिलं, 'मधून खचला असावा.' खचला कसला! अर्धा भाग बांधणारा डावखुरा होता. हाताच्या वळणाने दगड बसतात. माणूस जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि त्याचा डावखुरेपणा शेतात उभा होता.

हे मला सांगितलं ते लहानूबाबाने. लहानूबाबा म्हणजे रमतीचा बाप. साठीच्या पुढचा, बुटका नाही पण वाकलेला, बोटांची टोकं चपटी झालेली. आसपासच्या चार पाड्यांतले निम्मे गडगे त्याच्या हातचे. तो गडग्यावरून नुसती नजर फिरवून सांगायचा, हा अमक्याचा हात, इथून पुढे तमक्याचा, आणि हे दोन दगड मागाहून कोणा आळशाने कोंबलेत. मी त्याला विचारलं, कुठला दगड कुठे बसणार ते कसं कळतं. आमच्याकडे गवंडी दहा दगड उचलून पाहतो, नऊ टाकतो. लहानूबाबा हातात घेतलेला दगड खाली टाकत नसे. मला म्हणाला, "बेन, दगडाला तोंड असतां. आधी त्याचा तोंड बघायचा, मंग उचलायचा. उचलून परत टाकला का त्याला वाईट वाटतां." दगडाला वाईट वाटेल म्हणून जपणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शाळेत आम्ही पोरांनासुद्धा इतकं जपत नाही.

त्याच्या स्वतःच्या शेताचा गडगा कमरेएवढा उंच होता, आणि तो माझ्या वहीतला सतरावा. उतारावरचं गवताचं रान पलीकडे आणि खळं अलीकडे, मध्ये हा गडगा. तो ओलांडायला त्यात तीन पायऱ्या होत्या. पायऱ्या म्हणजे तीन लांब दगड, गडग्याच्या आरपार गेलेले, दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर आलेले आणि तिरपे वर चढत जाणारे. अशा पायऱ्या मी दुसरीकडेही पाहिल्या होत्या, पण या मला खटकल्या. त्या सारख्या अंतरावर नव्हत्या. पहिली ते दुसरी जेवढी उंच, त्यापेक्षा दुसरी ते तिसरी कमी. आणि एकूणच अंतरं आखूड. मी आपली शिक्षकी सवयीने सगळी मापं घेतली, वीत किती, बोटं किती, उंच किती, आडवं किती, आणि शेवटी लिहिलं, 'सारख्या नाहीत. चूक?' प्रश्नचिन्ह टाकलं एवढीच काय ती माझी नम्रता.

दुपारी भाकरी खाताना मी लहानूबाबाला ती चूक दाखवली. तो हसला नाही, रागावलाही नाही. रमतीच हळू आवाजात म्हणाली, की त्या आईच्या पायऱ्या आहेत.

रमतीची आई जमनी तेव्हा जाऊन तीन वर्षं झाली होती. बुटकी होती, रमती बापावर गेली. रानातून गवताचे, भाताचे भारे डोक्यावर घेऊन तिला दिवसातून पंधरा-वीस वेळा तो गडगा ओलांडावा लागे. भारा डोक्यावर असला की मान हलवता येत नाही, खाली पाहता येत नाही, पायाला आपोआप दगड सापडला पाहिजे. म्हणून लहानूबाबाने गडगा बांधताना तिला दिवसभर तिथे उभी केली होती. ती भारा घेऊन पाय टाकायची, तो तिचं पाऊल जिथे पडेल तिथे दगड बसवायचा. ती म्हणायची, अजून खाली. तो काढून पुन्हा बसवायचा. तिसरी पायरी कमी उंचीवर, कारण तिथे येईपर्यंत पाय दमतो, हेही तिनेच सांगितलेलं. ती गेल्यावर घरात तिचं लुगडं, तिच्या बांगड्या काही उरलं नव्हतं, त्यांच्यात ते सगळं माणसाबरोबरच जातं. फोटो तर नव्हताच. उरल्या होत्या त्या या पायऱ्या. लहानूबाबा रोज संध्याकाळी त्यांच्यावरून पलीकडे जायचा आणि परत यायचा, काम असो वा नसो.

मी वहीतली 'चूक' खोडली.

आता माझ्या अकलेचं सांगते. पौष लागेपर्यंत वहीत तेवीस गडगे झाले होते आणि माझा गोंधळ उडायला लागला होता. माझी चित्रकला बेताची. घरी येऊन पाहिलं की कोनाड्याचा गडगा कुठला आणि पाण्याच्या दारांचा कुठला, काही कळेना. मग मला नामी युक्ती सुचली, गडग्यांवरच आकडे टाकायचे, म्हणजे वहीशी मेळ बसेल. जवळच्या आमलीतल्या दुकानातून खिडकीच्या गजांसाठी आणलेला लाल रंग अर्धा डबा उरला होता. त्या रविवारी रमती आठ दिवसांसाठी मावशीकडे लग्नाला गेली होती आणि लहानूबाबा वरच्या रानात गवत कापायला. पण मला धीर कुठला! आमचे हे त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याबरोबर यायला तयार झाले, तेही डबा धरायला. ते डबा धरत होते, मी ब्रश घेऊन प्रत्येक गडग्याच्या टोकाच्या दगडावर छान गोल काढून आत आकडा टाकत होते. लोक लांबून पाहत होते. कोणी जवळ आलं नाही, कोणी हसलं नाही. मला वाटलं, लोकांना आता माझी सवय झाली.

त्याच वर्षी रस्त्याच्या अंगाला कंपन्यांसाठी जमिनी मोजायचं काम चालू होतं. मोजणीवाले येत, कडेच्या दगडावर लाल गोल करून आत आकडा टाकत, आणि महिन्याभरात मशिन येऊन गडग्यासकट सगळं सपाट करी. हे मी बसच्या खिडकीतून एकदा नाही, दर रविवारी पाहत होते. दगडांचे ढीग खड्ड्यात लोटलेले पाहून हळहळतही होते. आणि तरीही लाल रंग, गोल आणि आकडा या तीन गोष्टी एकत्र करताना, बरोबर सरकारी नोकरीतला नवरा डबा धरून उभा असताना, माझ्या डोक्यात काही म्हणून आलं नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. माझा तर मारुतीही झाला नाही, यमदूत झाला.

पुढच्या रविवारी शाळेत परीक्षांची तयारी होती, जाता आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले. रमती लग्नाहून परस्पर घरी पोचली होती आणि तापाने पडून राहिली होती, त्यामुळे मधल्या दिवसांत तिची-माझी गाठ नव्हती. मी घराच्या वळणावर आले आणि मला पलीकडचं रान सरळ दिसलं. मध्ये जे असायला हवं होतं ते नव्हतं.

गडगा कोणी पाडलेला नव्हता. उतरवलेला होता. अंगणात दगड ओळीने मांडले होते, वरच्या थराचे एका ओळीत, त्याखालच्याचे दुसऱ्या ओळीत, चिपांची वेगळी रास. तिन्ही लांब दगड भिंतीला टेकून ठेवले होते. सतरा आकड्याचा दगड सगळ्यांच्या पुढे, त्याचा लाल गोल माझ्याकडे करून. लहानूबाबा पायथ्याच्या थराचा शेवटचा दगड पहारीने सैल करत होता.

मी विचारलं, "बाबा, हे काय केलंत?"

"नंबर लागला ना, बेन," तो म्हणाला. "मशिन आली का सगळां एकदम लोटते. ती दगड वळखत नाय. म्हणून मीच उतरवला. घरामागं नेऊन ठेवीन."

बाकीच्यांनी वाट बघायचं ठरवलं होतं, काय होईल ते होवो म्हणून. त्याने नाही. रस्त्याकडचे जे गडगे मशिनने लोटले, त्यांतले दोन त्याच्याच हातचे होते. ते खड्ड्यात जाताना तो उभा राहून पाहत होता, हे मला रमतीने मागाहून सांगितलं. त्या क्षणी ती दारात शाल लपेटून उभी होती, तापाने डोळे लाल. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आयच्या पायऱ्या पण काढल्या त्यानं. रात दिस येक केला. मी सांगतली, बेनला विचारू दे. आयकला नाय."

मी सांगितलं. की नंबर माझा आहे. की मोजणी नाही, कंपनी नाही, मशिन नाही, माझी वही आहे. आयुष्यात इतकं लाजिरवाणं वाक्य मी दुसरं बोललेली नाही, आणि ते बोलताना वही माझ्याच काखेत होती. रमती आत निघून गेली. लहानूबाबा पहार धरून माझ्याकडे बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "म्हंजे मशिन नाय येणार?"

"नाही."

"मंग बांधायला लागंल," तो म्हणाला, आणि सैल केलेला दगड पुन्हा दाबून बसवायला लागला.

त्यानंतरचा एक रविवार आम्ही नवरा-बायको रॉकेलचा डबा आणि फाटकी धोतरं घेऊन बावीस गडग्यांवरचे आकडे पुसत फिरलो. आता मात्र लोक जवळ आले. बेन, आमचा बांध पास का नापास, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने सांगितलं, की त्याच्या म्हातारीने नंबरच्या दगडाला रोज नारळाचं पाणी घालायला सुरुवात केली होती, मशिन येऊ नये म्हणून, आणि आली नाही, म्हणजे गुण आलाच की. सगळे हसले, मीही हसले, पण माझा डोळा सारखा उताराकडे जात होता. तिथे लहानूबाबा गुडघाभर उंचीपर्यंत आला होता.

माघात मी त्याला बांधताना पाहिलं, आणि ते पाहणं माझ्या आयुष्यातल्या काही थोड्या फार चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. अपराधीपणासकट सांगते, मला आनंद होत होता. ओळीने मांडलेल्या दगडांतून तो एक उचली, चालत जाई आणि ठेवी. बस. फिरवणं नाही, ठोकणं नाही. हाताखालून 'टक्' असा एक आवाज येई आणि दगड जणू कधी उठलाच नव्हता असा बसे. दोन अंगांनी दोन रांगा चढत, मध्ये बारीक दगडांची भर, आणि हातभर अंतराने एक लांब दगड आडवा, दोन्ही रांगांना एकमेकींशी बांधून ठेवायला. वर जाताना गडगा आत आत झुकत होता, म्हणजे त्याचा भार त्याच्यावरच राहतो. एवढी सगळी अक्कल त्या चपट्या बोटांत होती, आणि आम्ही शाळेत मुलांना 'अशिक्षित' या शब्दाचा अर्थ शिकवत होतो.

अडलं ते पायऱ्यांपाशी. तिन्ही दगड त्याने बसवले, रमतीने गवताचा भारा घेतला, चढली आणि दुसऱ्या पायरीवर ठेचकाळली. त्याने काढून पुन्हा बसवले. ती पुन्हा ठेचकाळली. तिसऱ्यांदा ती वरपर्यंत गेली, पण तो मान हलवत राहिला. तिला जमलं ते तिच्या लांब टांगेमुळे, पायऱ्या काही त्या नव्हत्या. पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा गडगा दोन्ही बाजूंनी पुरा झाला होता आणि मध्ये बैलगाडीच्या चाकाएवढी जागा मोकळी होती. लहानूबाबा समोर बसला होता. मी पहिल्यांदा त्याला काहीही न करता बसलेलं पाहिलं.

"बाकी सगळां माझ्या हातात हाय," तो म्हणाला. "पायऱ्या माझ्या हातात नव्हत्या, बेन. तिच्या पायात व्हत्या."

मला वही आठवायला इतका वेळ का लागला, कोण जाणे. बहुधा लाजेने मी ती कपाटाच्या मागे टाकली होती म्हणून. त्या संध्याकाळी घरी येऊन काढली. सतराव्या पानावर माझ्या शहाणपणाची ती सगळी मापं होती, खोडलेल्या 'चूक'सकट. पहिली पायरी जमिनीपासून एक वीत चार बोटं. पहिली ते दुसरी उंच एक वीत, आडवं दोन विती एक बोट. दुसरी ते तिसरी उंच वितीला दोन बोटं कमी. चूक काढायच्या हौसेने मी इतक्या बारकाईने मोजलं होतं, की कौतुकाने मोजलं असतं तर इतकं मोजलं नसतं.

आमचे हे दुसऱ्या रविवारी आपणहून बरोबर आले. बसमध्ये बसल्यावर त्यांनी पिशवीतून पिवळी टेप काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. रजेचा अर्ज दिल्यासारखा चेहरा होता. त्या माणसाने माझ्यासाठी नियम मोडलेला तो एकच प्रसंग, म्हणून लक्षात आहे. टेपचा उपयोग मात्र शून्य. वहीत एकही इंच नव्हता. सगळी माझी वीत होती, त्यामुळे मोजायलाही माझाच हात लागणार होता.

म्हणून मी, लुगड्याचा पदर खोचून, सुरंगीच्या त्या मोकळ्या जागेत जमिनीला गाल लावून आडवी झाले आणि वीत टाकली. इथे, म्हटलं. लहानूबाबाने त्या खुणेवर दगड ठेवला. पुढची वीत. इथे. एक बोट वर. अजून. त्याने माझ्या बोटाला लावून दगड सरकवला. अजून खाली, मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझ्याच लक्षात आलं की हे कोण म्हणायचं. तो थांबला, मग त्याने खाली केला. तिसऱ्या पायरीला त्याने माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. मी माप वाचायच्या आत दगड बसलेला होता, आणि मोजला तर बरोबर, वितीला दोन बोटं कमी.

रमतीने रानाकडून भारा उचलला. ती उंच, पायऱ्या आखूड, तिला टांग आवरून चढायला हवं होतं. ती समोर बघत आली. पहिली, दुसरी, तिसरी, मग माथा, मग या अंगाच्या तिन्ही. पाय कुठे अडला नाही. लहानूबाबा तिच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता, फक्त पावलांकडे बघत होता.

"अशीच यायची ती," तो म्हणाला.

मला रडू आलं. आमच्या ह्यांनी टेप पिशवीत घातली आणि उगाच पिशवीचे बंद बांधत बसले.

राहिला होता सतरा आकड्याचा दगड. मी तोही रॉकेलने पुसायला निघाले होते, तर लहानूबाबाने नको म्हटलं. त्याने तो फिरवून, आकडा आतल्या बाजूला करून बसवला. राहू दे आत, म्हणाला, कोणाला दिसत नाय.

यालाही आता दहा-बारा वर्षं झाली. लहानूबाबा मागल्या साली गेला. त्या दिवशी सकाळीही गडग्यापलीकडे जाऊन आला होता, असं रमती सांगते. खऱ्या मोजणीचे आकडे मधल्या काळात बऱ्याच शेतांना लागले, मोहाचा गडगा गेला, डावखुऱ्याचा गेला, कोनाड्याच्या जागी कंपनीची उंच भिंत आहे, सिमेंटची, वर काचा. तिची नोंद करावीशी मला वाटली नाही. वहीतल्या तेवीसांपैकी नऊ उभे आहेत. पण ते नऊ पाहून आले की मला महिनाभर बरं वाटतं. एक माणूस दगड उचलताना आधी त्याचं तोंड पाहत होता, याचा पुरावा पावसात न विरघळता उभा असतो.

परवा गेले ती वही घेऊनच. उताराचं गवत निम्मं कापून झालं होतं. सतरावा गडगा तसाच आहे, माथ्यावर सुकलेला कर्टुल्याचा वेल. मी पायऱ्यांपाशी बसले आणि सहज वीत टाकून पाहिली. माप जमेना. पहिली ते दुसरी वहीत एक वीत, आता वीत आणि वर एक बोट. पुन्हा टाकली. तेच. दगड खचले? कोणी काढून बसवले? मी तिन्ही मोजले, तिन्ही वाढलेले. मग दोन्ही हात उन्हात धरून पाहिले. गेली तीन-चार वर्षं सांधे धरलेत, अंगठा बाहेर जात नाही, करंगळी सरळ होत नाही. पायऱ्या जागेवर होत्या. वीत आखडली होती.

मी एकटीच हसत बसले होते, तेवढ्यात पलीकडून रमतीची हाक आली. तिचेही केस आता पांढरे झालेत. डोक्यावर गवताचा भारा, मान ताठ, नजर खळ्याच्या दिशेला. मी काय करते आहे ते तिला न बघताच कळलं असावं.

"भरला का माप, बेन?" तिने विचारलं.

"भरलं," मी म्हटलं, आणि बाजूला झाले.

ती चढली, उतरली आणि खळ्याकडे चालू लागली. खाली तिने एकदाही पाहिलं नाही. मी वही पिशवीत टाकली आणि तिच्या मागून जाण्याआधी एकदा पलीकडे गेले. मग कुरकुरणारे गुडघे घेऊन, कशाला न धरता, समोर बघत, त्या तीन दगडांवरून परत आले. मी जिला कधी पाहिलं नाही त्या बाईच्या पावलांनी.